टिल्लू आता पुण्यातच राहील

पुणे,
रविवार

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला जमेना म्हणून पत्र लिहायला बसले. आई, रोज रात्री तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, "कधी आणतेस गं त्याला?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, "बघू, पुढच्या शनिवारी." असे तीन शनिवार गेले. चौथ्यांदा थाप मारवेना.

टिल्लूला मी सांगलीला परत आणणार नाहीये. तो आता माझ्याकडेच राहील. बाबा, तुम्ही हे मोठ्यानं वाचून दाखवत असणार. गाळागाळी करू नका आणि लगेच फोनही उचलू नका. आधी सगळं वाचा.

पहिल्यांदा त्याच्या तब्येतीचं. फक्त पक्षी बघणारे डॉक्टर इथे मिळाले, हेच मोठं. आपल्याकडचे डॉक्टर बिचारे म्हशी बघणारे. त्यांनी मागे चोच कापून दिली तेव्हा त्यांचाच हात थरथरत होता. इथे एक्स-रे काढला. पोटावरची गाठ सुईनं तपासली, ती चरबीची निघाली, वाईट काही नाही. लिव्हर मात्र वाढलंय. पायांच्या सांध्यांना संधिवात आहे, म्हणून तो दांडीवरून घसरत होता. आपल्याला वाटायचं झोपेत पडतो.

दादा म्हणाला, ऑपरेशन करून टाका, पैसे मी पाठवतो. पैशांचा प्रश्नच नव्हता. आणि बाबा, तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते मला लागलं होतं. "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणून मागे लागता, मग त्याच्याच बाबतीत का मागे सरता?" याच प्रश्नावर मी दोन रात्री घालवल्या. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, पक्ष्याच्या अंगात वजनाच्या साधारण दहावा भाग रक्त असतं. टिल्लूचं वजन भरलं ११२ ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून दोन चमचे रक्त, बाबा. आपल्या साखरेच्या डब्यातल्या चमच्यानं दोन. त्यातलं थोडं सांडलं तरी संपलं. त्यात वय सतरा आणि लिव्हर असं, त्यामुळे भूल दिल्यावर तो उठेलच असं कोणी सांगू शकत नाही. गाठ त्याला टोचत नाही, तो तिला चोचीनं उकरतही नाही. चरबीची गाठ खाणं बदललं की बऱ्याचदा आपोआप आटते. म्हणून मी नको म्हटलं. उद्या तिथली कातडी फाटली, रक्त यायला लागलं, तर पुन्हा विचार करू. तुमच्या गुडघ्याला असला काही धोका नाही, तेव्हा ती पळवाट बंद.

खाण्यावरून आठवलं. सूर्यफुलाच्या बियांमुळे लिव्हरवर चरबी चढते, हे मला आत्ता कळलं. तुम्ही मनाला लावून घेणार हे माहीत असूनही लिहितेय, कारण लपवलं तर दादाकडून कळेल. तेव्हा सगळे दुकानदार तेच पुडके द्यायचे. आणि तुमच्या तळहातावरून एकेक बी उचलून खाताना त्याचा तुरा कसा सपाट व्हायचा, ते मी पाहिलंय. सतरा वर्षं जगला तो. कॉकाटील जातीचे पोपट साधारण पंधरा ते वीस वर्षं जगतात. म्हणजे तुमच्या हातून काही फार बिघडलेलं नाही.

(तुम्ही अजून "कॉकटेल"च म्हणता ना? क्रॉफर्ड मार्केटमधून फोन करून "कॉकटेल घेऊन येतोय" म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी एक्सप्रेसमधून उतरेपर्यंत आईनं कुणाशी शब्द काढला नाही. नवरा मुंबईला जाऊन बिघडला म्हणून.)

आता त्याची इथली व्यवस्था. पिंजरा पूर्वेच्या खिडकीशी आहे, पंख्याच्या झोतात नाही. दांड्या सगळ्या खाली आणल्यात, पडला तरी चार बोटांवरून पडेल. आई, तुझ्या त्या जांभळ्या विरलेल्या साडीच्या पट्ट्या करून दांड्यांना गुंडाळल्या. कडा दुमडून दोनदा शिवल्यात, कारण सुटा धागा बोटात अडकला तर पाय जातो. शिवण तुझ्यासारखी नाही, पण त्यानं नावं ठेवली नाहीत. सकाळी डाव्या पायावर अंग टाकून बसतो, ऊन आलं की उजवा हळूच खाली ठेवतो, मग आळस देतो, एक पंख आणि एक पाय मागे ताणून. ते जमलं की मी चहा टाकते.

दुखण्यावर एक औषध आहे, थेंबभर, सुई नसलेल्या सिरिंजनं चोचीच्या कडेनं. पहिले दोन दिवस चावला. आता सिरिंज दिसली की स्वतःच तोंड वाकडं करून बसतो, अगदी बाबांना शुगरची गोळी देताना होतं तसं. रोज सात वाजता काही खायच्या आधी वजन करते, स्वयंपाकाच्या काट्यावर. ११२ वरून आज १०७ वर आलाय. आई, "वाळला गं" म्हणून रडू नकोस, तो वाळायलाच हवा होता. पण हळूहळू. एकदम उतरलं तर मात्र काळजी, म्हणून रोजचा आकडा वहीत लिहिते.

बियांऐवजी द्यायचं पक्ष्यांचं गोळ्यांचं खाणं त्याला आवडत नाही, हे खरं. बियांत मिसळून फसवते. किसलेलं गाजर, कोथिंबीर, शेवग्याचा पाला खातो. राळ्याचं कणीस रविवारीच. आणि माझ्याकडचे नॉनस्टिकचे तवे मी बाहेर काढले. ते जास्त तापले की निघणाऱ्या वाफेनं पक्षी मिनिटांत मरतो. तू दिलेला बिडाचा तवा माळ्यावरून काढला. पहिले चार डोसे ओरबाडून काढावे लागले, पण ते आम्हीच खाल्ले.

रात्री छोटा दिवा चालू ठेवते. अंधारात दचकून तो पिंजऱ्यात आपटत राहतो, ते तुम्हाला सांगायला नको. महापुराच्या वर्षी मिरजेला मामाकडे वीज गेली तेव्हा आई रात्रभर पिंजऱ्याला हात लावून बसली होती. सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर, घरात काय राहिलं असेल कुणाला माहीत नाही, आणि ही त्याला "झोप रे राजा" म्हणतेय. मी तेव्हा चिडले होते तुझ्यावर. कागदपत्रांची पिशवी सोडून पिंजरा घेऊन निघालीस म्हणून.

इतकं सगळं लिहिलं ते खोटं नाही. पण त्याला इथे ठेवायचं खरं कारण हे नाही. औषध तुम्हीही दिलं असतंत, दांड्या बाबांनी माझ्यापेक्षा चांगल्या बसवल्या असत्या.

आई, कारण तुझा खोकला आहे.

गणपतीपासून तो थांबलेला नाही. जिना चढून आलीस की तू बोलायच्या आधी कठड्याला धरून उभी राहतेस आणि फुलांच्या कुंड्या बघितल्यासारखं करतेस. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा स्कॅन बघून पहिला प्रश्न केला, "घरात पक्षी आहेत का?" आणि तू नाही म्हणालीस. माझ्याकडे बघून, इतक्या सरळ चेहऱ्यानं, की क्षणभर मलाच वाटलं नाहीत बहुतेक.

मी छत्री विसरले म्हणून परत आत गेले होते, आठवतं? छत्री माझ्या पिशवीतच होती. मी त्यांना खरं सांगितलं. सतरा वर्षं, कॉकाटील, पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी, रोज सकाळी हीच ट्रे झाडते. ते म्हणाले, पक्ष्यांच्या पिसांचा भुगा आणि विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन काही जणांची फुप्फुसं आतून सुजतात, वर्षानुवर्षं चाललं तर कडक होतात. गोळ्या नंतर, आधी पक्षी घरातून दूर व्हायला हवा. आणि या जातीच्या अंगाला तर पावडर असतेच. आपल्या टीव्हीवर बोटानं नाव लिहिता यायचं, आपण पुण्या-मुंबईच्या हवेला नावं ठेवायचो आणि ती धूळ टिल्लूची होती.

"आठ दिवस तपासणीला नेते" असं म्हणून मी त्याला आणलं. फसवलं तुला. खंबाटकीच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा त्यानं कुकरची शिट्टी मारली, तीन वेळा, तुझ्या भातासारखी, आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

तुझ्यामुळे त्याला घर सोडावं लागलं असं मनात आणशील. आणू नकोस. आणशीलच, पण मला सांग तरी, एकटी बसून आणू नकोस. तू चुकीचं काही केलेलं नाहीस. लळा लावलास, आणि लळा लावला की तोंडाजवळ घ्यावंच लागतं. तो तुझ्या खांद्यावर बसून कानातल्या कुडीला टोचायचा तेव्हा त्याला दूर कर असं कुणी म्हणायचं होतं, मी? मी लहान असते तर मीही त्या खांद्यासाठी भांडले असते. भांडलेच होते. दहावीच्या वर्षी "तुला माझ्यापेक्षा तो जास्त आवडतो" म्हणून जेवले नव्हते, आणि तू ताट घेऊन आलीस तर तोही खांद्यावरून आला.

आता ऐका दोघांनीही. बाबा, हे तुम्ही करायचं आहे, आईनं नाही.

पिंजऱ्याच्या मागची भिंत ओल्या फडक्यानं पुसून घ्या. झाडू मारायचा नाही, धूळ उडते. तोंडाला मास्क बांधा, करोनातले उरलेत कपाटात. पडदे, दिवाणावरची चादर आणि आईची ती पिंजऱ्यावर टाकायची ओढणी गरम पाण्यात भिजवा. सोफ्याच्या उश्या टाकूनच द्या, मी नव्या पाठवलेल्या मंगळवारी येतील. आणि गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकणं आजपासून बंद. पुण्य दुसरीकडून मिळवा. कबुतरांचीही तीच धूळ, नव्हे जास्तच. एक जात घालवून दुसरी पोसायची नाही.

आई, पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे पुन्हा जायचं. मी येतेय रात्रीच्या गाडीनं. या वेळी विचारलं तर "होता, आता मुलीकडे आहे" असं म्हणायचं. मी येताना कपडे बदलून, डोक्यावरून न्हाऊनच येणार आहे, तेव्हा जवळ घ्यायला हरकत नाही. इथे आलीस तर आपण त्याला गॅलरीच्या काचेतून बघू. मला माहीत आहे ते पुरणार नाही.

आणखी एक, आणि हे मी फोनवर कधीच बोलू शकले नसते. डॉक्टरांना मी आधीच सांगून ठेवलंय की तो खायचा बंद झाला, दांडी सोडून तळाला बसून राहिला, तर नळ्या घालायच्या नाहीत, ओढत न्यायचं नाही. झोपेतच जाऊ द्यायचं. पण ते करण्याआधी तुम्हाला फोन करीन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तुम्हाला न विचारता काही करणार नाही. इतक्यात तसं काही दिसतही नाहीये. आज सकाळीच त्यानं माझ्या चष्म्याची दांडी चावली.

बाबा, शेजारच्या काकू म्हणत होत्या, तुम्ही अजून फाटकाशी येऊन शिट्टी मारता. मारा. एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो दाराकडे तोंड करून बसतो, आणि मला शिट्टी येत नाही.

तुमची,
चिमी

ता. क. आई, त्याची पितळी घंटी तू देव्हाऱ्यात ठेवलीस असं बाबा म्हणाले. असू दे तिथे. पण आधी गरम पाण्यानं धू, साबण लावून, आणि ते बाबांना करू दे.