'फेअर' म्हणजे सुंदर नव्हे
मा. संपादक,

कालच्या अंकात पान तीनवर 'भामरागड तालुक्यात सुंदर हवामानाचे रस्ते' हा मथळा वाचून चहाचा ठसकाच लागला. मुळात 'फेअर वेदर रोड' असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. फेअर वेदर म्हणजे उघाडीतला रस्ता. मुरूम-मातीचा, नाल्यावर पूल नसलेला, पहिल्या पावसात गुडूप होणारा. बारमाही नसलेला, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या बातमीदाराने त्याची सहल काढली! आणि हे नागपुरात. १९४३ साली देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी याच शहरात बसून राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची वर्गवारी ठरवली होती म्हणे. असो.

मी हा अर्थ शब्दकोशात नाही, चिखलात शिकलो. १९८६ चा जुलै. मी रस्त्यांच्या खात्यात कारकून. नवे आलेले साहेब नकाशातल्या तुटक रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "फेअर लिहिलंय, म्हणजे चांगलाच असेल." ड्रायव्हर म्हणाला, "काहून जाता साहेब, नाला भरून असंन." कोण ऐकतो? एटापल्लीच्या अलीकडे जीप बॉनेटपर्यंत पाण्यात. दोन रात्री आश्रमशाळेच्या व्हरांड्यात काढल्या, चिवड्याच्या एका डब्यावर. मांडीवरचे मस्टर भिजून पानाला पान चिकटले. परतल्यावर मेमो कोणाला? मला, मस्टर भिजवल्याबद्दल! वर त्या मेमोचा मसुदा 'फेअर' करायचे कामही माझ्याच टेबलावर. तिथे फेअर म्हणजे खाडाखोड नसलेला. न्यायाशी संबंध नाही.

रेशन दुकानाच्या पाटीवर 'फेअर प्राइस'चे 'रास्त भाव' ज्याने केले, त्या अनामिक सरकारी बाबूला माझा नमस्कार. आपल्याकडे असा एखादा ठेवावा.

निदान छोट्या जाहिरातींसाठी तरी ठेवाच. गेल्या महिन्यात भाचीच्या स्थळासाठी आपल्या खिडकीवर मी स्वतः 'सावळी, एम.एस्सी.' असे लिहून दिले. छापून आले 'फेअर, एम.एस्सी.' वर्ध्याहून पाहुणे आले, तर्री-पोहे दोनदा घेतले, मुलीकडे बघितले, घडी करून आणलेल्या कात्रणाकडे बघितले, आणि 'कळवतो' म्हणून गेले. भाची माझ्याशी अजून बोलत नाही. जाहिरातीचे पैसे परत करू, असे खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले होते. पावती जपून ठेवली आहे.

– एक निवृत्त कारकून, प्रतापनगर, नागपूर