गळाचा उलटा काटा दाबून टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाचा जोर ओसरला की कोकणातल्या जेटींवर, खाडीपुलांवर आणि घाटमाथ्यावरच्या धरणांच्या काठांवर गरवणाऱ्यांची, म्हणजे गळानं मासे पकडणाऱ्यांची, गर्दी वाढते. पूर्वी काठी, तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं आणि एक गळ एवढ्यावर भागत असे. आता रीळ लावलेले लांब रॉड आणि पोटाखाली तिहेरी गळ टांगलेले प्लास्टिकचे मासे, म्हणजे ल्यूर, घरपोच येतात. नवी मंडळी या छंदाकडे वळली याचा आनंदच आहे. पण गळ माणसाला लागला तर काय करायचं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. घाबरून केलेल्या ओढाताणीत मूळ जखमेहून मोठी जखम होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गळाच्या टोकामागे धातू चिरून उचललेला एक उलटा काटा असतो. आत जाताना तो सहज सरकतो आणि बाहेर ओढताना मांसाच्या तंतूंत रुततो. त्यामुळे गळ लागल्यावर पहिल्यांदा एवढंच पाहायचं, की हा उलटा काटा कातडीच्या आत गेला आहे का? नुसतं टोक घुसलं असेल आणि काटा बाहेर दिसत असेल, तर गळ आला त्याच वाटेनं अलगद निघतो. काटा दिसत नसेल तर ओढणं थांबवा.

त्यानंतरचं काम तंगूस कापण्याचं. दुसऱ्या टोकाला तडफडणारा मासा, लोंबणारं शिसं किंवा वाऱ्यानं हलणारा रॉड असतो आणि त्यातला प्रत्येक हिसका गळ आणखी खोल नेतो. ल्यूर असेल तर गळ त्याच्या कडीतून सोडवून घ्या. तिहेरी गळाची उरलेली दोन टोकं तशीच ठेवून मदतीला जाऊ नका, ती मदत करणाऱ्याच्या तळहातात घुसतात. त्यांवर बुचाचे तुकडे खोचा किंवा चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या.

काही जागांना घरी हात लावायचाच नाही. डोळा, पापणी, मान, मनगटाची आतली बाजू, बोटाचं पेर किंवा कुठलाही सांधा, आणि लहान मुलांच्या चेहऱ्यावर कुठेही. डोळ्याला गळ लागला असेल तर चोळू नका, धुवू नका, थेंब घालू नका. डोळ्यावर दाब न येता बसेल असा कागदी कप उपडा ठेवून तो पट्टीनं चिकटवा आणि थेट नेत्ररुग्णालय गाठा. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत चहा-पाणीही देऊ नका.

दंड, पोटरी, पाठ अशा मांसल, स्थिर जागी लहान किंवा मध्यम आकाराचा एकेरी गळ रुतला असेल आणि दवाखाना दूर असेल, तर दोरीच्या हिसक्याची पद्धत उपयोगी पडते. 1961 साली ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात तिचं वर्णन आलं आणि आज ती तातडीच्या उपचारांत शिकवली जाते. जागा साबण-पाण्यानं धुवा. जाड तंगूस किंवा मजबूत दोरा दोन-अडीच फूट घ्या, दुहेरी करा आणि त्याचा फास गळाच्या बाकाला, बाकाच्या बरोबर मध्यावर, अडकवा. दुसऱ्या हाताच्या बोटानं गळाचा दांडा, नाकं (तंगूस बांधायचं भोक) असतं त्या टोकाला, कातडीवर सपाट दाबून धरा. या दाबानं उलटा काटा तंतूंतून सुटतो. सगळी युक्ती या दाबातच आहे. दाब न सोडता नाक्याच्या विरुद्ध दिशेला, कातडीला समांतर, एकच झटका द्या.

ही पद्धत फसते ती बहुतेक ठरावीक चुकांनी. हळूहळू ओढलं की काटा पुन्हा अडकतो. झटका देताना दांडा वर उचलला गेला की मांस फाटतं. बारीक तंगूस तुटतं. बोट नीट टेकवून धरलं नसेल तर गळाबरोबर बोटही येतं आणि जोर वाया जातो. कानाच्या पाळीसारख्या लुळ्या भागावर तर ही पद्धत वापरूच नये. झटक्यानं सुटलेला गळ गोळीसारखा उडतो, तेव्हा त्या दिशेला कोणी उभं नको आणि झटका देणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा. एका प्रयत्नात निघाला नाही तर दुसरा करू नका, दवाखान्यात जा.

दवाखान्यात डॉक्टर लिग्नोकेननं जागा बधिर करतात. मग एक तर जाड, 18 गेजची सुई जखमेतूनच आत नेऊन तिच्या पोकळ तोंडात उलटा काटा झाकतात आणि सुई-गळ एकत्र बाहेर घेतात, किंवा गळ पुढे ढकलून टोक कातडीबाहेर काढतात, काटा कापतात आणि उरलेला गळ मागे ओढून घेतात. मोठ्या गळाला दुसरी पद्धत हमखास लागू पडते. हेच काम जेटीवर पक्कड घेऊन, बधिर न करता करणारे लोक आहेत. त्यांना मनापासून सांगणं आहे, की पुढे सरकणाऱ्या टोकाच्या वाटेत शीर किंवा स्नायूबंध आहे का, हे बाहेरून दिसत नाही.

दवाखान्यात जाण्याआधी दांडा कातडीलगत कापून टाकणं ही तर फारच वाईट चूक. मग डॉक्टरांना धरायला काहीच उरत नाही आणि चीर देऊन गळ शोधावा लागतो. दांडा निदान बोटभर बाहेर राहू द्या. तो न हलेल अशा बेतानं दोन्ही बाजूंना कापसाच्या घड्या ठेवून सैलसर पट्टी बांधा. तसाच दुसरा गळ डब्यात असेल तर तो सोबत न्या. काही गळांच्या दांड्यावरही आमिष धरून ठेवणारे बारीक काटे असतात. तसा गळ मागे ओढता येत नाही. त्याचं नाकं कापून पूर्ण गळ पुढूनच काढावा लागतो. नमुना समोर असला की डॉक्टरांना हे आधीच कळतं.

गळ निघाला म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. त्याच्यावर गांडूळ, कोळंबी, खाडीचा चिखल असं सगळं असतं. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम पाचेक मिनिटं धुवा, वर घट्ट टाके नकोत. अशा मळलेल्या जखमेसाठी धनुर्वाताचा शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर पुन्हा घ्यावा लागतो. लहानपणीचे डोस पूर्ण झाले आहेत का, हे माहीत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. त्यावर आणखी एक इंजेक्शन ठरतं. निरोगी माणसाच्या उथळ जखमेला प्रतिजैविकं बहुधा लागत नाहीत. मात्र मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी, आणि नेमानं दारू पिणाऱ्यांनी, खाऱ्या पाण्यातली जखम हलक्यात घेऊ नये. व्हिब्रिओ जातीचे जंतू अशा शरीरात काही तासांत पसरतात. वेगानं वाढणारी सूज, फोड, ताप दिसला तर सकाळची वाट पाहू नका. याउलट मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू दोन-चार आठवड्यांनी न दुखणारी गाठ उठवतो. तोवर गळ लागल्याचं माणूस विसरलेला असतो. बोटावर किंवा हातावर अशी गाठ आली तर ‘पाण्याकाठी गळ लागला होता’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा जंतू शरीराच्या तापमानापेक्षा कमी उष्णतेवर वाढतो. प्रयोगशाळेला कल्पना नसेल तर तो तपासणीत सापडत नाही.

या सगळ्यातला बराचसा त्रास लहान पकडीच्या एका दाबानं टळतो. गळ पाण्यात टाकण्याआधी उलटा काटा पकडीनं सपाट दाबून टाका. पकड टोकाच्या रेषेत धरा. आडवी धरून पिळलं तर टोकच तुटतं. मग गळ सुती कापडात टोचून मागे ओढा, धागा अडकला नाही तर काटा बसला. असा गळ अंगात गेला तरी टाचणीसारखा निघतो. मासे सुटतील ही भीती सगळ्यांना असते. तंगूस सैल पडू दिलं तर ते सुटतात, हे खरं. ते ताठ ठेवलं तर जिताडा काय आणि तांबोशी काय, बिनकाट्याच्या गळावर नीट येतात, आणि बारक्या माशाला इजा न करता परत सोडताही येतं.

खडकात गळ अडकला की रॉड वाकवून हिसके देण्याची खोड सोडायला हवी. नायलॉन ताणतं आणि सुटलेला ल्यूर सरळ तोंडावर येतो. रॉड खाली ठेवा, तंगूस लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा (हाताला नव्हे), तोंड फिरवा आणि सरळ रेषेत ओढून तोडा. फेकण्याआधी मागे पाहणं, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी, आणि माशाच्या तोंडातला गळ बोटांऐवजी लांब चिमट्यानं काढणं, एवढं तरी प्रत्येकानं पाळावं. तुटके गळ जेटीवर टाकू नयेत. तिथे अनवाणी मुलं खेळतात आणि कुत्री आमिषाचा वास घेत येतात.

मासेमारीच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती, की काटा दाबलेला गळ ही प्रवेशाची अट ठेवा. आणि आरोग्य विभागाकडे एक मागणी. गळाचं पोलाद कडक असतं, ड्रेसिंगच्या कात्रीनं ते कापलं जात नाही. किनाऱ्यावरच्या आणि धरणांजवळच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक चांगला साइड कटर, मोठ्या गळांसाठी एक बोल्ट कटर आणि तुकडा उडाला तर डोळे वाचवणारे दोन संरक्षक चष्मे असावेत. हे सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि रुग्ण कल्याण समितीला या दिवाळीआधी घेता येण्याजोगं आहे.

आपला,
एक गरवणारा वाचक, रत्नागिरी