चुंबक लावला तरी ड्रेन उघडावाच लागतो

मा. संपादक,

उन्हाळा तोंडावर आला की बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत आणि मोठ्या दवाखान्यांत ‘कुलिंग टॉवरच्या (चिलर म्हणजे मोठ्या एसी यंत्राचे गरम पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याच्या) पाइपाला चुंबक लावा, चुना रोखणारे केमिकल बंद करा’ असे सांगणारे फिरू लागतात. पाण्यात टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजणारे मीटर बुडवून प्रात्यक्षिकही होते. त्यावर जाऊ नये. चुंबक काय किंवा इलेक्ट्रॉनिक कॉइल काय, पाण्यातला चुना काढत नाही. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. दावा एवढाच, की चुना चिलरच्या ट्यूबला चिकटण्याऐवजी पाण्यातच भुकटी होऊन फिरतो. तोही कुठे खरा ठरतो, कुठे नाही. सिलिका जास्त असेल तर भरवसा नकोच.

शिवाय भुकटी बाहेर गेली पाहिजे. मे महिन्यात घरच्या कूलरच्या वुडवूलवर पांढरी खपली धरते, तेच कुलिंग टॉवरचे: पाणी उडते, क्षार मागे राहतात. ताशी १०० घनमीटर पाणी ५ अंशांनी थंड करताना साधारण ८०० लिटर उडून जाते. क्षार भरणीच्या (नव्याने सोडलेल्या) पाण्याच्या चौपटीवर रोखायचे तर ताशी २६५ लिटरच्या आसपास ड्रेनने सोडावेच लागतात. पाणी वाचवायचे म्हणून तो व्हॉल्व्ह बंद केला, की भुकटी संथ जागी बसते आणि चुना कंडेन्सरमध्ये (चिलरच्या ज्या भागातल्या ट्यूबमधून टॉवरचे पाणी फिरते तिथे) थर धरतो. चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून ट्यूब जिथे सर्वांत तापते तिथेच आधी.

लोखंडी पाइपावर बाहेरून बसवलेल्या चुंबकाचे बळ बरेचसे पाइपाच्या भिंतीतच जिरते. तिथे पीव्हीसीचा तुकडा जोडावा. फिरत्या पाण्यातले ५ ते १० टक्के साइड-स्ट्रीम (बाजूला जोडलेल्या) फिल्टरमधून न्यावे. जुना थर सुटला तर पोपडे स्ट्रेनरमध्ये अडकतात, सुरुवातीला तो रोज उघडावा. जंतुनाशक मात्र बंद करू नये. टॉवरच्या कोमट पाण्यात लीजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढतो.

परीक्षा सोपी आहे. भरणीच्या आणि टॉवरच्या पाण्यातले क्लोराइड व कॅल्शियम मोजा. क्लोराइड चौपट, पण कॅल्शियम तिप्पटच भरले, तर उरलेला चुना आतच कुठेतरी बसला आहे. (हायपो हे क्लोरीनचे जंतुनाशक टाकत असाल तर त्यानेही क्लोराइड वाढते, म्हणून ते फसवते.) तो भुकटी होऊन हौदात बसला की ट्यूबमध्ये, हे चिलरच सांगतो: कंडेन्सिंग तापमान (कंडेन्सरमध्ये गॅस द्रव होतो ते) आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान यांतला फरक रोज वहीत लिहा. लोड तेवढाच असताना तो वाढत गेला, तर थर ट्यूबमध्ये आहे. विक्रेत्याकडून हमी घ्यायची ती या फरकाची, आणि लेखी.

– एक वाचक, नागपूर