आकाशवाणीची धून कोणाची?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रेडिओच्या आठवणी वाचल्या. लेख झकास आहे, पण आकाशवाणीची सकाळची धून त्यात पं. रविशंकरांच्या नावावर टाकली आहे. त्यांची ती दूरदर्शनची. आकाशवाणीची बांधली वॉल्टर कॉफमन यांनी. हे गृहस्थ हिटलरमुळे घरदार सोडून आलेले ज्यू. रायगडच्या वाचकांना तरी हे नाव ठाऊक असायला हवं.

कॉफमन यांचा जन्म १९०७चा, कार्ल्सबादचा. हे गाव आज चेक देशात आहे. संगीताचं शिक्षण बर्लिन आणि प्रागला झालं. डॉक्टरेट हाताशी आली होती, पण मार्गदर्शक नाझींच्या गोटातला निघाला, म्हणून त्यांनी ती घेतलीच नाही. १९३४ मध्ये मुंबई गाठली, कारण इथला व्हिसा चटकन मिळत होता. आपल्या हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं. पण लाखो लोकांना जे आवडतं ते निरर्थक कसं असेल, उणीव माझ्याच कानात असणार, असं त्यांनी मानलं आणि शिकायला बसले. आपल्यातले किती जण पाश्चात्त्य संगीताबाबत असं म्हणतील?

मी इथल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. ही धून शिवरंजनी रागाच्या अंगाने जाते, त्यातला गंधार (ग) कोमल. तंबोऱ्यावर व्हायोलिनची जी ओढ येते, ती मात्र पेटीतून काही केल्या निघत नाही. आमचे वडील व्हॉल्व्हचा रेडिओ पाच-दहा मिनिटं आधीच लावून ठेवत. तापायला वेळ घेई ना तो! धूनची सुरुवात हुकली की त्यांचा दिवस बिघडायचा, आणि त्यांच्यामुळे आमचाही.

कॉफमन मुंबईच्या रेडिओ केंद्रात १९४६ पर्यंत होते. मग कॅनडात विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचे पहिले संचालक झाले, पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. तिथे बसून त्यांनी लिहिलं काय, तर उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ! १९८४ मध्ये ते वारले.

आमच्या रेवदंड्यात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात ज्यू जोडप्यांची कथा इकडे पोरासोरांना पाठ असते. ते लोक तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या वारी, घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली झाले आणि किहीमकर, पेणकर अशी आडनावंही लावू लागले. इतक्या जुन्या पाहुण्यांची आठवण ठेवणाऱ्या मुलखाला रोज कानावर पडणारा हा पाहुणा माहीत नसावा, याचं मला खरंच नवल वाटतं.

आकाशवाणीने रोज नको, निदान १३ फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिनी, धून संपल्यावर कॉफमन यांचं नाव घ्यावं. त्याला दहा सेकंदही लागणार नाहीत. आणि आपण पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना श्रोता, रेवदंडा (जि. रायगड)