दिन्यास, रायफलीच्या नळीबद्दल

प्रिय दिन्या,

पोळ्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, शिव्या भेटीत घाल. मी बरा, आईचे गुडघे तसेच, कापसाची पहिली वेचणी आटोपली.

लिहायचं कारण क्लबची पॉइंट टू टू रायफल. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्या पोरानं ती चकाचक केली. तोंडाकडून लोखंडी गज घालून, तारेच्या ब्रशनं. वर मोठ्या हौसेनं म्हणतो, "सर, पाहा ना आतून!" माझ्या पोटात गोळाच आला.

तुला सांगायला नको, पण राहवत नाही. शिशाची गोळी मेणाचं वंगण लेवून येते. त्याचा पातळ थर नळीत बसतो, पुढची प्रत्येक गोळी त्याच थरावरून जाते, म्हणून मार एका जागी पडतो. थर खरवडला की नवा बसेस्तोवर गोळ्या भरकटतात. झालंही तसंच. सरावात वैशूच्या गोळ्या कागदभर विखुरल्या, पोरगी रडवेली झाली. मी म्हटलं, "कागद पाहू नको, मारत राहा." हळूहळू जमल्या.

आता तू म्हणशील, "आमचे आजोबा तोंडातून बारूद भरायची भरमार बंदूक दर वेळी उकळत्या पाण्यानं धुवायचे." कॅम्पात यावरूनच आपलं बोलणं बंद झालं होतं, आणि तू माझा चिवड्याचा डबा लंपास केला होता. तो हिशेब बाकीच आहे. आजोबांचं बरोबरच होतं बे! घरी ओतलेली शिशाची गोळी, पण बारूद काळी. तिची राख हवेतली ओल ओढते, रात्रीतून नळी गंजते. नुसत्या तेलानं ती निघत नाही, पाणीच लागतं. आपल्या पॉइंट टू टूच्या बिनधुराच्या बारुदीला तो नियम लावायचा नाही.

नळी मागून बंद करणारा बोल्ट आणि काडतूस बसतं ते चेंबर वरचेवर पुसावं, तिथं वंगण अन् काजळी साचली की काडतूस नीट बसत नाही. नळीला मात्र मार फाटू लागला किंवा आत शिशाचे करडे पट्टे दिसले तरच हात लावायचा. तेव्हाही बोल्ट काढून, मागून. पावसाळ्यात पेटीत ठेवताना तेलाचा हात, नेमापूर्वी कोरडं फडकं. बस.

खरी काळजी वेगळीच आहे. नळीच्या तोंडाची कड, तो लोखंडी गज जिथून आत गेला ती! ती एकसारखी नसली तर गोळी सुटताना मागचा वायू एका बाजूनं आधी निसटतो अन् तिला ढकलतो. काल कानातली कापसाची काडी कडेवरून हलकेच फिरवली. घड्याळातल्या चारच्या जागी कापसाचा धागा अडकला. पुन्हा फिरवली, तिथंच अडकला. मार जमला म्हणतो, पण पूर्वीइतका जमलाय का, हे मला ठरवता येत नाहीये. माझं मन आधीच धास्तावलंय, तू कोऱ्या नजरेनं पाहशील.

तायडीची नागपूरला अ‍ॅडमिशन झाली म्हणे, पेढे राहिले. आंबिया बहार कसा निघाला? वहिनींना नमस्कार.

रविवारी सकाळी ये, तुझं ते मोठं भिंग घेऊन. तोवर त्या रायफलीला मी कुणाला हात लावू देत नाही. पोराला रागावू नको, त्याला मागून गज घालायला शिकवलंय.

तुझा,
बाळ्या