तीन शब्दांना एकच 'बंधुभाव' कसा पुरेल?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांसाठी शब्दांचा तक्ता आला, उपक्रम चांगलाच आहे, पण एर्मानदाद, फ्रातेर्निदाद आणि कोम्पान्येरिस्मो ह्या तिन्हींपुढं नुसतं 'बंधुभाव' छापलंय ते पटलं नाही. माझी मुलगी ऑनलाइन स्पॅनिश शिकते, तिच्याशेजारी बसून थोडं मलाही यायला लागलंय, म्हणून लिहितोय.

फ्रातेर्निदाद म्हणजे आपल्या संविधानातली बंधुता. फ्रेंच क्रांतीची घोषणा स्पॅनिशमध्ये 'लिबेर्ताद, इग्वाल्दाद, फ्रातेर्निदाद' अशीच म्हणतात.

एर्मानदादमध्ये एर्मानो, म्हणजे भाऊच बसलाय. पण हा शब्द मंडळालाही लावतात बघा. सेव्हिल शहरात ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मूर्तींच्या मिरवणुका निघतात, त्या काढणाऱ्या मंडळांना एर्मानदाद नाहीतर कोफ्रादिया म्हणतात, आणि तिथली माणसं हमालाच्या चुंबळीसारखं कापड डोक्याला बांधून ते सगळं ओझं मानेवर पेलत तासन्‌तास चालतात. आपल्या बेळगावात गणपती मंडळ म्हटल्यावर जे डोळ्यापुढं येतं ना, त्याच्या जवळचं आहे हे. मुलीनं आधी एर्मानदादपुढं 'भाऊबंदकी' लिहिलेलं, भावावरनंच शब्द आहे की म्हणाली, तर आमची आई आतनं ओरडली, अगं भाऊबंदकीनंच आपलं खानापूरकडचं शेत गेलं, ते कसलं प्रेम! असा घोळ कुठल्याही घरात होऊ शकतो, म्हणून तक्त्यात नीट फोड करून द्यायला पाहिजे.

आणि कोम्पान्येरिस्मोला तर भाऊ लागतच नाही. कोम्पान्येरो म्हणजे सोबती, मूळ लॅटिनमधनं, एकत्र पाव खाणारा. त्यातल्या पावाच्या लॅटिन शब्दावरनंच पोर्तुगीजांचा पांव आला आणि गोव्याकडनं आपल्या बेकरीत पाव होऊन बसला! हे कळलं तेव्हा मला उद्यमबागेतली आमची जेवणाची सुट्टीच आठवली. मी तिथं फाउंड्रीत आहे, शेजारच्या मशीनवरचे अण्णा बैलहोंगलचे, घरात कन्नड, 'ऊटा माडूणु बर्री', म्हणजे या, जेवूया, म्हणत डबा उघडतात, त्यांची कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडं, माझी तांदळाची भाकरी त्यांच्याकडं, आज बावीस वर्षं. बाहेर बोर्ड कुठल्या भाषेत असावा ह्यावरनं वातावरण तापलं त्या दिवशीसुद्धा डबे एकत्रच उघडले. ह्याला बंधुभाव म्हणू नये असं नाही, पण ते माझे भाऊ नव्हेत, सोबती आहेत, आणि मला तो शब्द जास्त जवळचा वाटतो.

तेव्हा फ्रातेर्निदादला बंधुता, एर्मानदादला भाऊपण आणि मंडळ, कोम्पान्येरिस्मोला सोबत, असा तक्ता दुरुस्त करून पुढच्या रविवारी परत छापा. मुलं ही कात्रणं वहीत चिकटवतात.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव