बटण दाबलं की चित्र तयार, असं नसतं हो

माननीय संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला एनएफटीवरचा, म्हणजे डिजिटल चित्रांची मालकी ऑनलाइन नोंदवून ती विकतात त्यावरचा, लेख वाचला. भाव कोसळले, लोकांचे पैसे बुडाले हे खरंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जनरेटिव्ह आर्ट आणि एआयची चित्रं एकाच माळेत ओवून 'संगणकाला सांगायचं की तो काढून देतो' असं लिहिलंय ते वाचून राहवेना.

एआयला आपण वाक्य देतो, जनरेटिव्ह आर्टमध्ये प्रत्येक रेघेचा नियम स्वतः कोडमध्ये लिहावा लागतो. टायलर हॉब्ज या कलाकाराचं 'फिडेंझा' (२०२१) घ्या, ९९९ चित्रं आणि प्रोग्रॅम एकच. टोकन (म्हणजे चित्राच्या मालकीची नोंद) घेताना एक हॅश मिळतो, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ, त्यावरून चित्र ठरतं, घेणाऱ्याला कोणतं मिळणार हे कलाकारालाही आधी माहीत नसतं. पण एकदा मिळालं की तोच हॅश कधीही, कुठेही टाका, चित्र तेच आलं पाहिजे, आणि सगळी मेहनत या 'तेच'ला लागते.

मी सध्या ठिपक्यांच्या रांगोळीचा प्रोजेक्ट करतोय, १५ ते ८ ठिपके, एफएक्सहॅश या अशा चित्रांच्या साइटवर टाकायला (ते तेझॉसवर, म्हणजे मालकीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ब्लॉकचेनवर, २०२१ला सुरू झालं, तिथे फी कमी लागते म्हणून आमच्यासारख्यांना परवडतं). कोड पी-फाईव्ह जेएसमध्ये, ही चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. रेघा एफएक्सहॅशच्या एफएक्सरँडने (हॅशवरून ठरणारे आकडे देणारं फंक्शन) काढल्या, रंग मात्र सवयीने पी-फाईव्हच्या साध्या रँडमने, जे हॅश बघतच नाही, आणि मग काय, रिफ्रेश केलं की रेघा जागच्या जागी पण रंग दर वेळी वेगळे! दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी रँडमसीडला (रँडमची सुरुवात कुठल्या आकड्यापासून, म्हणजे सीडपासून, ते ठरवणारं फंक्शन) एफएक्सरँड दिलं तर उलटंच, हॅश कुठलाही टाका, रंगांचा क्रम तोच. कारण एफएक्सरँड शून्य ते एकमधला अपूर्णांक देतं आणि रँडमसीड अपूर्णांक कापून टाकतं, म्हणजे दर वेळी शून्यच. मोठ्या आकड्याने गुणल्यावर सुटलं. नॉइजलाही (हळूहळू बदलणारे आकडे देणारं पी-फाईव्हचं फंक्शन) वेगळं सीड द्यावं लागतं बरं का, ते मी परत विसरलो होतो.

बाकी बारीकसारीक. फॉन्ट, लायब्ररी सगळं फोल्डरमध्येच हवं, बाहेरची लिंक चालत नाही. झिप करताना फोल्डर झिप न करता आतल्या फाइल्स करायच्या, नाहीतर इंडेक्स फाइल एक पायरी आत जाते आणि सापडत नाही. मापं पिक्सेलमध्ये न देता स्क्रीनच्या प्रमाणात द्यायची, हे मला आईच्या फोनने शिकवलं. तिने उघडून बघितलं आणि म्हणाली, "अरे, रांगोळी उंबऱ्याबाहेर गेली की तुझी."

आणि हे सगळं पब्लिश करायच्या आधी सँडबॉक्समध्ये (एफएक्सहॅशच्या चाचणीच्या पानावर) शेकडो हॅश टाकून बघायचं, कारण एकदा लोकांनी टोकन घेतली की नंतर चूक दिसून उपयोग काय, त्यांच्याकडे तेच चित्र राहणार. मला परवा दीडशेच्या आसपास हॅश टाकल्यावर एक असा सापडला की पिवळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्याच रेघा, नुसता रिकामा चौकोन दिसत होता. तो दुरुस्त करायचाय अजून.

पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापलीत तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, सातारा